होळी ते पाडवा : एका फ्लॅटचा माळा रिकामा करताना

घर पुण्यातल्या कोथरूडचे, साधारण ३५ वर्षांपूर्वीच्या सोसायटीतले. दोन बेडरूम, चटईक्षेत्र ६२० चौरस फूट. माणसे चार: ७८ वर्षांच्या सासूबाई, नोकरी करणारे मुलगा-सून आणि दहावीची परीक्षा देणारी नात. साठवणीच्या जागा म्हणजे तीन माळे (स्वयंपाकघर, पॅसेज आणि आतली बेडरूम), पेटीचे दोन दिवाण, दोन लोखंडी कपाटे आणि ग्रिल लावून बंद केलेली बाल्कनी. हे कुठल्या एका कुटुंबाचे हुबेहूब वर्णन नाही. अशा घरांत जे सामान, ज्या अडचणी आणि जे उपाय पुन्हा पुन्हा दिसतात, ते इथे एका घरात बसवले आहेत, म्हणजे आकड्यांसकट बोलता येते.

काम मोजकेच ठरवले होते. गुढीपाडव्यापर्यंत स्वयंपाकघराचा माळा आणि एक दिवाण पूर्ण मोकळा करायचा. पाडवा झाला की एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू, तांदूळ, तिखट, हळद, पापड-कुरडया घरात येतात आणि पाऊस लागायच्या आत त्यांना कोरडी जागा लागते. ‘घर छान दिसावे’ म्हणून काढलेली आवराआवर मध्येच सुटते. ५० किलो गव्हाची कोठी अमुक ठिकाणी बसवायची आहे म्हटले, की किती सामान जायला हवे ते आपोआप ठरते. मार्चचा दुसरा फायदा हवेचा. पुण्यात या दिवसांत हवा कोरडी असते, त्यामुळे गाद्या, पुस्तके, लोकरीचे कपडे यांना दोन दिवस ऊन दाखवले की वर्षभराचा दमट वास जातो. हेच काम श्रावणात काढले तर माळ्यावरची ओल नुसती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरते.

होळीपौर्णिमा ते पाडवा हा पंधरवडा हाताशी होता. त्यात दोन शनिवार-रविवार आणि रोज रात्रीचा पाऊण तास. नातीची परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत चालणार, म्हणून तिच्या खोलीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, हेही आधीच ठरले.

आदल्या वर्षी काय बिघडले होते

आदल्या पाडव्याला याच घरात एका रविवारी तिन्ही माळे एकदम उतरवले गेले. एक माळा ८ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच धरला तर ३२ घनफूट होतो, म्हणजे तिन्ही मिळून ९६. माळ्यावर ते सामान एकावर एक ठासलेले असते. निवडायला खाली मांडले की हॉल, पॅसेज आणि एक बेडरूम भरून जाते. संध्याकाळी सातपर्यंत अर्धेही निवडून झाले नव्हते आणि रात्री झोपायला जमीन हवी होती. मग जे हाताला लागेल ते वर गेले. आधी निदान गणपतीची आरास कुठल्या माळ्यावर आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, त्या रात्रीनंतर तेही राहिले नाही.

‘द्यायचे’ म्हणून वेगळ्या काढलेल्या ११ पिशव्या बाल्कनीत गेल्या. जूनमध्ये पावसाची झड आत आली, कपड्यांना बुरशी लागली आणि चांगल्या स्थितीतले कपडेसुद्धा कचऱ्यात गेले. त्याआधी आवराआवरीसाठी म्हणून सहा मोठे प्लॅस्टिकचे डबे विकत आणले होते. ते भरून माळ्यावर बसले आणि त्यांत काय आहे ते कुणी पुन्हा पाहिले नाही.

याचा दोष आळसाला देता येणार नाही, माणसे दिवसभर राबली होती. सामान उतरवायचा दिवस ठरला होता, पण ते घराबाहेर पडायचा दिवस कुणी ठरवला नव्हता. माळ्यावरच्या बहुतेक वस्तू नकोशा असतात हे घरातल्या प्रत्येकाला कळत असते. कुठे द्यायच्या हे माहीत नसते, म्हणून ‘राहू दे सध्या’ होते. त्यामुळे या वर्षी उलट्या टोकाने सुरुवात केली.

आधी बाहेरच्या वाटा

पहिले चार दिवस एकही वस्तू हलवली नाही. फक्त फोन केले आणि वहीच्या एका पानावर चार रकाने आखले: काय, कोण नेणार, कुठल्या वारी, कुठल्या अटीवर.

रद्दी आणि लोखंडी भंगारासाठी जवळचे दुकान. तांब्या-पितळेच्या मोडीसाठी कसबा पेठेतली तांबट आळी आणि मध्यवस्तीतली भांड्यांची दुकाने. घालण्याजोग्या कपड्यांसाठी संस्था, आणि अटी विचारूनच, कारण धुतलेले, बटणे-चेन शाबूत असलेले कपडेच त्यांना उपयोगी पडतात. मोठ्या निरुपयोगी वस्तूंसाठी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची मोठ्या वस्तू नेण्याची सेवा. फाटकी फोमची गादी, तुटके फर्निचर, जुनी सूटकेस या गोष्टी भंगारवाला घेत नाही आणि घंटागाडीत त्या चढत नाहीत, त्यांना हीच वाट. शाळेच्या पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक, पण अभ्यासक्रम बदलणार नसेल त्या वर्षीच. कंदील, स्टोव्ह, जुनी हत्यारे यांना जुना बाजार, जो बुधवारी आणि रविवारी भरतो.

वार ठरवताना सासूबाईंचे एक म्हणणे मान्य केले: शनिवारी लोखंड आणि अमावास्येला काहीच घराबाहेर जाऊ द्यायचे नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी सहसा अमावास्याच असते, म्हणजे शेवटचा गठ्ठा पाडव्याच्या दोन दिवस आधी निघायला हवा. अशी गोष्ट वहीत आधी लिहिली तर वाद होत नाही. भंगारवाला दारात उभा असताना ती निघाली, तर दोन आठवडे पुढे जातात आणि पिशव्या बाल्कनीत राहतात.

नियम एकच केला. ज्या वस्तूचा बाहेरचा दिवस ठरलेला नाही, ती वस्तू माळ्यावरून उतरवायची नाही.

उतरवण्याची रीत

एका बैठकीला एका माळ्याचा निम्मा भाग, म्हणजे ४ फूट. तेवढे सामान एका चादरीवर मावते आणि तीन तासांत संपते. शिडी अ‍ॅल्युमिनियमची, पाच पायऱ्यांची, खालून धरायला एक माणूस. प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभे राहून पितळी भांडे ओढायचे नाही. भांडे कडेवर येते तेव्हा त्याचे सगळे वजन एकदम हातावर येते आणि स्टूल मागे सरकते. नाका-तोंडाला रुमाल बांधलेला बरा, माळ्यावरच्या धुळीत झुरळांची आणि पालींची घाण असते. पुठ्ठ्याचे खोके उचलण्याआधी तळ दाबून पाहावा. मऊ लागला, कडेला मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे. ते खोके घरात न उघडता सरळ बाल्कनीत न्यायचे आणि माळ्याची ती भिंत तपासायची.

सगळ्यात आधी गुढीचे सामान काढून वेगळे ठेवले: वेळूची काठी, गुढीवरचा तांब्या, तिला नेसवायची साडी, पाट. हे सांगायचे कारण असे की मोडीच्या ढिगात गुढीचा तांब्या जाणे हा प्रकार बराच घडतो आणि तो पाडव्याच्या सकाळी उघडकीला येतो.

नाव घातलेली भांडी

स्वयंपाकघराच्या माळ्यावर सगळ्यात जास्त जागा तांब्या-पितळेने आणि स्टीलने व्यापली होती. पितळेची पाच पातेली, दोन पराती, एक घंगाळ, हंडा-कळशी, तांब्याचा बंब, जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) तीन डेगची, आणि स्टीलची ताटे-वाट्या-पेले प्रत्येकी ३६. जवळजवळ प्रत्येक भांड्यावर टिपक्यांनी कोरलेले नाव: कुणाच्या लग्नात कुणाकडून, कुणाच्या मुंजीप्रीत्यर्थ, तारखेसकट. भांडे उलटे केले की देणारा समोर येतो, आणि देणारा हयात नसला की ते भांडे मोडीत घालायला हात धजत नाही. या घरात माळा वर्षानुवर्षे न हलण्याचे खरे कारण हेच होते, आणि त्याला भावनेपायी अडून बसणे म्हणून बाजूला सारणे चुकीचे ठरेल. बाईच्या नावावर घरात असे फार थोडे असायचे. भांडी ही तिची स्वतःची होती.

म्हणून पहिली गोष्ट अशी ठरली की या भांड्यांचा निर्णय फक्त सासूबाई करतील. दुसरी गोष्ट प्रश्नाची. आधी सून विचारायची, “आई, हे काढून टाकू का?” त्याला उत्तर ठरलेले, “राहू दे गं, खातंय का काही?” या वर्षी पाचही पातेली घासून-पुसून एका ओळीत मांडली आणि विचारले, “आई, यातली दोन वापरात आणायची आहेत. कुठली काढू?” त्यांनी दोन निवडली, आणि उरलेल्या तिनांतले कुठले कुणाकडून आले ते सांगत सांगत, त्यातले एक नणंदेच्या मुलीला द्यावे, हेही त्यांनीच सुचवले. घासलेली भांडी मांडण्याला महत्त्व आहे. धुळीने माखलेल्या, काळ्या पडलेल्या भांड्याबद्दल कुणालाच नीट ठरवता येत नाही.

वापरात आणायचे म्हणजे नेमके काय, तेही ठरवावे लागते. पितळेच्या पातेल्यात आमटी, ताक, चिंच-कोकमाचे काही करायचे तर आतून कल्हई हवीच, नाहीतर पदार्थ कळकतो. आंबटामुळे तांब्याचा अंश पदार्थात उतरतो, हिरवट चव येते आणि मळमळ-उलट्या होतात. कल्हई म्हणजे कथलाचा थर, रोजच्या वापरात तो घासून जातो आणि पुन्हा लावावा लागतो. गल्लीत कल्हईवाला क्वचितच येतो, म्हणून तांबट आळीत भांडे नेऊन कल्हई करून आणायची तयारी असेल तरच ते ठेवायचे. तेवढी तयारी नसेल तर ते भांडे स्वयंपाकाचे राहत नाही, त्यात फार तर धान्य भरावे.

मोडीला नेताना चार गोष्टी पाहिल्या. घरीच वजनकाट्यावर प्रत्येक भांड्याचे वजन करून कागदावर लिहिले. लोखंडी कड्या, बंबाची जाळी, लाकडी मुठी आधीच काढल्या, कारण त्यांच्या नावाखाली अंदाजाने वजावट होते आणि ती गिऱ्हाइकाच्या बाजूने कधीच नसते. तांबे आणि पितळ वेगळे बांधले. चौथी गोष्ट काशाची. काशाची वाटी, थाळी किंवा तांब्या पितळेच्या ढिगात गेला तर पितळेच्याच भावाने तोलला जातो, वास्तविक काशाला भाव जास्त. बोटाच्या पेराने टिचकी मारली की काशे घंटेसारखे लांबवर वाजते, पितळेचा आवाज लगेच बसतो. या घरात एक काशाची वाटी अशी निघाली आणि ती अर्थातच ठेवली, तळपायाला तूप चोळायला तिच्यासारखी दुसरी नाही.

ज्या भांड्यांवर नावे होती, त्यांच्या नावांचे फोटो काढले आणि यादी केली: भांडे, नाव, निमित्त, वर्ष. अर्धा तास लागला. ही यादी सासूबाईंनी स्वतः सांगितली आणि नातीने परीक्षेच्या एका सुट्टीच्या दिवशी लिहून घेतली. त्यानंतर घंगाळ, एक परात आणि बंब मोडीला गेला. मोडीचे पैसे त्यांच्याच हातात दिले. ते घरखर्चात मिसळले असते तर पुढच्या वर्षी एकही भांडे हलले नसते.

स्टीलचा प्रश्न सोपा होता. ३६ ताटे गौरी-गणपतीच्या जेवणासाठी होती, पण गेली काही वर्षे त्या दिवशी भांडी भाड्याने येतात आणि ३६ ताटे घासायला घरात कुणी नाही. १२ ताटे, १२ वाट्या, १२ पेले ठेवले. बाकी सोसायटीच्या सामाईक भांड्यांत जमा केले, तिथे ती डोहाळजेवणाला, बारशाला वापरात येतात. जर्मनची डेगची आतून खड्डे पडलेली होती, ती सरळ भंगारात. झाकणे नसलेले श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे ४१ डबे सुक्या कचऱ्यात. झाकण शोधत बसू नये.

दिवाणातले कपडे आणि आहेर

पेटीत सापडले ते तीन प्रकारचे: वापरायचे कपडे, न वापरायचे कपडे, आणि कुणीच कधी वापरणार नाही असा आहेर. तिसरा प्रकार मराठी घराचा खास. ब्लाउजपीस, टॉवेल-टोपी, उपरणी, शेले, पिशव्या. ब्लाउजपीसच ६४ निघाले. त्यांतले सुती आणि सव्वा मीटर भरणारे १० ठेवले, ओटी भरायला ते लागतातच. पॉलिस्टरचे आखूड तुकडे शिवणक्लासला दिले, तिथे शिकणाऱ्या मुलींना कापून पाहायला कापड हवे असते. तेच तुकडे पुन्हा कुणाच्या ओटीत घालणे बरे दिसत नाही. ज्या बाईला आपण मानाने बोलावले, तिला आपल्या माळ्याचा गाळ द्यायचा नाही. संक्रांतीच्या वाणाचेही तसेच. संक्रांत ते रथसप्तमी घरात आलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्या, गाळण्या, छोटे आरसे पाडव्यापर्यंत न वापरलेले राहिले, तर ते वापरले जाणार नाहीत असे धरायला हरकत नाही.

सुती जुन्या साड्या बाहेर देण्याआधी गोधडीपुरत्या बाजूला काढल्या. एका मोठ्या गोधडीला अस्तर-पाठ आणि आतले थर धरून पाच ते सहा साड्या लागतात. फाटलेली चालते, विरलेली चालत नाही. दोन्ही हातांनी ताणली आणि चर्रकन फाटली तर ती धुण्यात टिकणार नाही, पुसायच्या फडक्यांत जाऊ द्यावी.

बोहारणीला द्यायचे तर भांड्यांचा हिशेब लक्षात ठेवावा लागतो. ती कपडे नेते आणि बदल्यात भांडे देते, म्हणजे एक गठ्ठा जाऊन एक नग घरात येतो. चार छोट्या वस्तू घेण्याऐवजी एकाच लागणाऱ्या वस्तूवर सौदा केला. या घरी कणीक मळायची परात झिजली होती, ती घेतली. बोहारीण कपडे दारातच उलटून-पालटून पाहते आणि घासाघीस दोन्हीकडून होते, त्यात गैर काही नाही. तिचाही दिवस त्यावर चालतो.

प्रत्येक साडी देण्याआधी पूर्ण उलगडली. साडीच्या घडीत, पेटीकोटाच्या नेफ्यात, पर्सच्या आतल्या कप्प्यात, डाळीच्या डब्याच्या तळाशी पैसे ठेवायची पद्धत अजून आहे. इथे २,००० च्या तीन नोटा निघाल्या. त्या १९ मे २०२३ पासून चलनातून काढून घेतल्या असल्या तरी बाद झालेल्या नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत, महाराष्ट्रात मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथे, त्या जमा करता येतात आणि टपालानेही पाठवता येतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये बाद झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटा निघाल्या तर त्यांचे मोल उरलेले नाही. आठवण म्हणून ठेवायच्या तर दहापेक्षा जास्त ठेवू नयेत, २०१७ च्या कायद्याने त्याला मनाई आहे.

रेशमी साड्यांपैकी ज्या राहिल्या त्यांच्या घड्या मोडून वेगळ्या ठिकाणी घातल्या. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेली पैठणी त्या रेषेवरच चिरते. प्लॅस्टिकच्या कव्हरमधून काढून धुतलेल्या सुती पंच्यात गुंडाळल्या. डांबराच्या गोळ्या जरीला लागून ठेवायच्या नाहीत, जर काळवंडते.

कागद

कागदांचे दोन संध्याकाळी काम केले आणि तेवढे पुरले, कारण ‘वाचत बसायचे नाही’ असे ठरले होते. कायम ठेवायचे ते एका फाइलमध्ये: खरेदीखत, सूची क्रमांक २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, भोगवटापत्र, गृहकर्ज फिटल्याचे बँकेचे नाहरकत पत्र, जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, चालू विमा पॉलिस्या, मृत्युपत्र. प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि त्यांचे पुरावे आठ वर्षांचे ठेवले. विजेची बिले एका वर्षाची. मिक्सर-फ्रिजची वॉरंटी कार्डे वस्तूच घरात नसेल तर जातात, हे सांगायला नको, पण अशी १७ कार्डे निघाली.

सासऱ्यांच्या नावाचे कागदी शेअर सर्टिफिकेट एका जुन्या डायरीत होते. असा कागद रद्दीत जाता कामा नये. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचे हस्तांतर थांबले आहे, तरी वारसांना ते डीमॅटमध्ये आणता येतात, आणि सात वर्षे न घेतलेला लाभांश सरकारी निधीत गेला असला तरी मागता येतो. जुनी पासबुके सापडली तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर नाव घालून पाहावे, दहा वर्षे न हललेल्या ठेवींचा तिथे शोध घेता येतो.

आधार-पॅनच्या झेरॉक्स, जुनी बँक स्टेटमेंट, रद्द चेकबुके रद्दीत घातली नाहीत. हाताने फाडली, बादलीत रात्रभर भिजवली, सकाळी कालवून लगदा केला. वर्तमानपत्रांचे घरीच पाच-पाच किलोचे गठ्ठे बांधले. दुकानात गठ्ठे मोजले की वजनाचा वाद उरत नाही.

दिवाळी अंकांपाशी सगळे थांबले. मोठी दोन खोकी होती. वाचनालये जुने अंक सरसकट घेत नाहीत, विचारून गेलेले बरे. इथे प्रत्येकाने आपले पाच निवडले, कसर लागलेले वेगळे काढले आणि बाकीचे वृद्धाश्रमाच्या वाचनखोलीत गेले.

भाऊजींची ट्रंक

बेडरूमच्या माळ्यावरची निम्मी जागा अमेरिकेत स्थायिक झालेल्या दिरांच्या सामानाची होती: पत्र्याची ट्रंक, अभियांत्रिकीची पुस्तके, एक कॅरम, बॅडमिंटनची ढाल. परदेशी गेलेल्या भावाचे सामान टाकायचा हक्क इथल्यांना वाटत नाही आणि तिकडच्यांना ते आठवतही नसते. फोटो पाठवून विचारले, की ‘बघून सांगतो’ येते आणि दोन वर्षे जातात. त्याऐवजी रविवारी सकाळी आपल्याकडच्या साडेआठला, म्हणजे तिकडच्या शनिवारी रात्री, वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल केला. वस्तू आधीच ओळीने मांडून त्यांवर आकडे चिकटवले होते. “भाऊजी, एक ते तेवीस आहेत. ठेव म्हणाल ते एका सूटकेसमध्ये मावलं पाहिजे, पुढच्या खेपेला न्यायचं.” पत्रांची पुडकी, एक वही आणि ढाल राहिली. ट्रंक रिकामी झाली, आणि ती चांगल्या जाड पत्र्याची होती म्हणून तिच्यातच गोधडीच्या साड्या ठेवल्या.

जे भंगारात द्यायचे नाही

ई-कचरा एका ड्रॉवरभर आणि एका माळ्याच्या कोपऱ्याभर: बंद पडलेले पाच मोबाइल, चार्जरांचा गुंता, जुना काचेच्या पिक्चर ट्यूबचा टीव्ही, यूपीएस. गल्लीतल्या भंगारात गेले की वायर जाळून तांबे काढले जाते आणि ट्यूब फोडली जाते. त्या काचेत शिसे असते. म्हणून हे सगळे अधिकृत ई-कचरा संकलनालाच दिले. मोबाइल देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून, खात्यातून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट. एका मोबाइलची बॅटरी फुगली होती. ती काढायचा, दाबायचा किंवा चार्जिंगला लावून पाहायचा प्रयत्न करायचा नाही, पेट घेऊ शकते. ती मोबाइलसकट कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, बाल्कनीत, सावलीला ठेवली आणि देताना वेगळी सांगून दिली. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी नवी घेताना दुकानदारच परत घेतो, तिथे तिला किंमतही मिळते.

सीएफएल दिव्यांत पारा असतो, प्रत्येकी काही मिलिग्रॅम. न फुटलेले मूळ खोक्यात घालून घातक कचरा म्हणून वेगळे दिले. एक दिवा उतरवताना फुटला. खिडक्या उघडून सगळे पंधरा मिनिटे बाहेर, मग जाड कागदाने तुकडे गोळा, बारीक चुरा चिकटपट्टीने. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा नाही, पारा हवेत आणि घरभर पसरतो.

औषधे ठेवलेल्या चपलांच्या दोन खोक्यांतून मुदत संपलेली ३८ पाकिटे आणि बाटल्या निघाल्या. डोळ्यांचे थेंब उघडून चार आठवडे झाले की मुदत उरली असली तरी टाकायचे. गोळ्या मोरीत किंवा संडासात सोडल्या नाहीत. पाकिटातून काढून उकळलेल्या चहाच्या चोथ्यात मिसळल्या, पिशवी घट्ट बांधली, रिकाम्या पाकिटांवर कात्री चालवली. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण चिकटपट्टीने बंद, वर लाल खूण. कचरा हाताने निवडणाऱ्या बाईच्या बोटात आपल्या घरातली सुई घुसू नये, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यायलाच हवी.

देवांचे जुने फोटो, कॅलेंडरवरची चित्रे, भंगलेली छोटी मूर्ती पिंपळाखाली ठेवून यायची सवय सोडली. चौकट आणि काच वेगळी केली, कागद भिजवून लगदा कुंडीच्या मातीत मिसळला, शाडूची मूर्ती बादलीत विरघळवली. हे सासूबाईंनी स्वतः नमस्कार करून केले. थर्माकोलचे मखर मात्र कुणी घेत नाही. राज्यात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, त्याआधीची मखरे अनेक माळ्यांवर अजून आहेत. तोडून सुक्या कचऱ्यात देण्याखेरीज उपाय नाही, जाळायचे मुळीच नाही.

परत काय आणि कसे ठेवले

माळ्यावर आता हलके आणि वर्षातून एकदा लागणारे सामान आहे: गणपतीची कापडी आरास, पाहुण्यांच्या अंथरुणांचे दोन संच, प्रवासाच्या बॅगा. गव्हाच्या कोठीची जागा सोडली तर एका माणसाला एका हाताने उतरवता येणार नाही असे काही वर ठेवलेले नाही. आदल्या वर्षीचे सहा प्लॅस्टिकचे डबे इथे कामाला आले. पुठ्ठ्याचे एकही खोके वर गेले नाही, कसर आणि वाळवी पुठ्ठ्याला लवकर लागते. माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवली आणि डाव्या हाताचा चार फुटांचा भाग कोठीसाठी रिकामा ठेवला. तो रिकामा दिसतो म्हणून पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यात मिक्सरचे खोके गेले होते. ते काढून तिथे ‘गहू’ असा कागद लावावा लागला.

दोन गोष्टी राहिल्या. जाते आणि पाटा-वरवंटा बाल्कनीत आहेत. जात्याच्या दोन्ही तळ्या मिळून पंचवीस किलोंच्या पुढे भरतात, उचलायला दोघे लागतात. जाते लग्नाच्या मुहूर्ताच्या दळणासाठी शेजारपाजारचे मागून नेतात, म्हणून ते सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवायचा विचार आहे, कमिटीचा होकार यायचा आहे. पाट्याला टाकी लावून (छिन्नीने टोचून खडबडीत करून) घेतली तर सासूबाईंना त्यावर चटणी वाटायची आहे. टाकी लावणारा मे अखेरपर्यंत मिळाला नाही तर पाटाही जात्याबरोबर खाली जाईल, असे त्यांनीच सांगितले आहे आणि वहीत तारखेसह लिहिले आहे. नातीच्या खोलीतली पुस्तके परीक्षा संपल्यावर तिने स्वतः निवडली. गणिताची वही तिने ठेवली, बाकी सगळे त्याच संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात गेले.